दवण्याची चुलत बहीण

जोतिबाची चैत्र यात्रा होऊन आठच दिवस झाले होते. देवघरात दवण्याची जुडी अजून होती, सुकून काळपट पडलेली, पण वास शाबूत. त्याच आठवड्यात भाचा आला. निपाणीला दिलेल्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बेळगावच्या उद्यमबागेत चार वर्षं काम करून तो स्वित्झर्लंडला गेला, घड्याळांचे बारीक भाग करणाऱ्या कारखान्यात. त्यानं बॅगेतून काळसर काचेची बाटली काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "मामा, तुमच्या दुकानातला माल आहे बघा ह्यात."

माझं शहापुरात काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. हिरडा, बेहडा, वावडिंग, काडेचिराईत, मुरडशेंग. तीस वर्षं झाली, पोतं उघडलं की आधी नाक आत जातं, मग हात. अ‍ॅब्सिंथ हे नाव मी ऐकून होतो, ते असं की हिरवी दारू, ती प्यायली की माणसाला नाही नाही ते दिसतं, डोकं फिरतं. बूच काढलं आणि पहिल्यांदा बडीशेप आली. तिच्यामागून आणखी एक वास आला, आणि तो घेताना मी देवघराकडं बघितलं. दवणा नव्हे तो, दवण्यापेक्षा रुक्ष, जरा औषधी. पण दवण्याच्या घरातलंच कुणीतरी होतं.

नाक चुकलं नव्हतं. जोतिबाला वाहतो तो दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. अ‍ॅब्सिंथमध्ये पडतं ते झाड आर्टेमिसिया अ‍ॅब्सिंथियम. एकाच कुळातल्या ह्या चुलत बहिणी. आमच्या दुकानात त्यांची आणखी एक बहीण असते, किरमाणी ओवा. नावात ओवा असला तरी ओव्याशी त्याचं नातं नाही. तोही आर्टेमिसियाच, आणि पूर्वी पोरांच्या पोटातल्या जंतांवर द्यायचे. इंग्रजीतसुद्धा अ‍ॅब्सिंथच्या झाडाला 'वर्मवुड' म्हणतात, म्हणजे जंतांशी त्याचं नाव जोडलेलंच आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन याच कुळातल्या तिसऱ्याच झाडातून निघालं आणि त्याबद्दल तू यूयू ह्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना 2015 साली नोबेल मिळालं. असलं हे घराणं आहे. त्यातल्या एका मुलीवर शंभर वर्षं वेडाचा आळ होता, हे मला त्या संध्याकाळपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

आम्ही गच्चीवर पत्र्याखाली बसलो. खानापूरच्या बाजूला ढग भरून आले होते, वळीव येणार असं दिसत होतं. भाच्यानं तिकडचा भोकाभोकांचा चपटा चमचा आणला होता. साखरेच्या चौकोनी वड्या घरात नव्हत्या, म्हणून चमच्यावर खडीसाखरेचा खडा ठेवला. ग्लासात दोन बोटं दारू. रंग गवती चहाच्या काढ्याचा, पिवळ्याकडं झुकणारा हिरवा. अर्क काढून झाल्यावर त्यात पुन्हा हिरवी पानं भिजवतात, त्या पानांचा रंग उतरतो. उजेडात तो टिकत नाही, तपकिरी पडतो, म्हणून बाटली काळसर.

"सावकाश ओता की, मामा. थेंबथेंब."

बर्फाच्या पाण्याचा तांब्या मी कलता धरला. पिंडीवर अभिषेकपात्रातून पाणी पडतं, त्या चालीनं. पहिले पाच-सात थेंब नुसतेच खाली गेले. मग तळाशी धुरासारखी एक रेघ निघाली, वळली, पुन्हा विरली. आणखी थेंब पडले तशी ती रेघ विरेना. बघता बघता खालून वरपर्यंत सगळं पांढुरकं झालं, वर हिरव्याची एक पातळ कड राहिली, मग तीही गेली. ग्लासात आता तांदळाचं धुवण असावं तसं दिसत होतं, पण उजेडाला धरलं की आत निळसर झाक. दोघंही काही बोललो नाही. मला वाटतं, ह्या पेयातला खरा नशा तेवढाच, ते बघत राहणं.

कारण साधं आहे. बडीशेपेला तिचा वास देणारं अ‍ॅनेथॉल नावाचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढलं की ते बारीक बारीक थेंब होऊन बाहेर पडतं आणि उजेड अडवतं. एका भागाला तीन-चार भाग पाणी घालतात. नुसतं प्यायची ही वस्तू नव्हे, आमच्या बाटलीवर 68 टक्के लिहिलं होतं. बारमध्ये साखर पेटवून देतात तो खेळ 1990च्या सुमारास चेक लोकांनी काढलेला. ही दारू जिथं जन्मली तिथं असलं कुणी करत नाही, असं भाचा म्हणाला. एवढ्या कडक दारूजवळ काडी ओढणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

चवीला आधी बडीशेपच, जेवणानंतर तोंडात टाकतो ती. मग गारवा. मग गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू येतं, पण काडेचिराइतासारखं तोंड वाकडं करणारं नाही. मेथीचं पान चुकून दाताखाली यावं तेवढंच. झाड खरं तर भयंकर कडू. ते नुसतं दारूत भिजवून ठेवलं तर तोंडात धरवणार नाही. ते भिजवून अर्क काढतात, तेव्हा वास वर येतो आणि कडूपणा बहुतेक खाली भांड्यात राहतो. हे मला लगेच पटलं, ओव्याचा अर्क कधी काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही. दहा मिनिटांनी जिभेचं टोक जरा बधिर झालं, लवंग चघळल्यावर होतं तसं.

पहिला ग्लास पाऊण तास पुरला. वळीव आला, पत्रा वाजायला लागला. डोकं हलकं होतं आणि विचार स्वच्छ वाटत होते. ह्याचीच ख्याती आहे म्हणे, नशेतही जाग राहते अशी. खरं असेल, किंवा हळूहळू आणि पाणी घालून प्यायल्यामुळं असेल. दुसऱ्या ग्लासानंतर जिना उतरताना कठडा धरावा लागला, तेव्हा ही दारूच आहे हे पायांना कळलं होतं. ह्या दारूला तिकडं 'हिरवी परी' म्हणतात, तसली कुठली परी दिसली नाही, रंग बदलले नाहीत, कुणी हाक मारली नाही. रात्री झोप तुटक लागली आणि सकाळी डोकं जड होतं.

मग हे वेडाचं आलं कुठून? भाच्याजवळ माहिती होती. तो राहतो तिथून वाल-द-त्राव्हेर नावाचं खोरं जवळ आहे, अ‍ॅब्सिंथ तिथलीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती औषध म्हणून विकली जायची. अल्जीरियाच्या लढाईत फ्रेंच शिपायांना तापावर म्हणून दिली, शिपाई ती सवय घेऊन घरी आले. पुढं द्राक्षांच्या वेलींना फिलॉक्सेरा नावाची कीड लागून फ्रान्सचे मळे बसले, वाइन महागली आणि गरीब माणूस अ‍ॅब्सिंथकडं वळला. पॅरिसमध्ये संध्याकाळच्या पाचला 'हिरवी वेळ' म्हणायचे. स्वस्तातल्या मालात रंगासाठी मोरचूद घालणारेही होते. मोरचूद! आमच्या धंद्यात भेसळ काय करते ते मी पाहिलंय, त्यामुळं ही गोष्ट ऐकून माझा जीव खालीवर झाला.

मान्यां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्या झाडाचं नुसतं तेल प्राण्यांना दिलं, त्यांना झटके आले. तेलातलं थुजोन खरंच झटके आणतं, तेवढ्या मात्रेत. पण ग्लासात ते किती असतं? बंदीच्या आधीच्या 13 जुन्या बाटल्या उघडून तपासल्या, त्याचा निकाल 2008 साली आला: लिटरमागे सरासरी 25 मिलिग्रॅम. आज युरोपात किलोमागे 35 चालतात. थुजोननं झटका येण्याआधी दारूच माणसाला आडवा करील, असं हे गणित आहे.

आणि मग 1905 सालचा तो खून. स्वित्झर्लंडमधल्या कोम्युन्यी गावात लानफ्रे नावाच्या मजुरानं गरोदर बायको आणि दोन लहान मुलींना गोळ्या घातल्या. त्या दिवशी तो वाइन ढोसत होता, वर ब्रँडी, आणि त्यात दोन ग्लास अ‍ॅब्सिंथ. लोकांनी त्या दोन ग्लासांवर बोट ठेवलं. 1908ला देशभर मतदान झालं, 1910पासून स्वित्झर्लंडमध्ये बंदी. 1912ला अमेरिका, 1915ला फ्रान्स. वाइनला कुणी हात लावला नाही. खोऱ्यातले लोक पंचाण्णव वर्षं चोरून गाळत राहिले, ओळखू येऊ नये म्हणून हिरवा रंग न देता. 2005ला बंदी उठली. मोतिये गावात ज्या इमारतीत त्यांच्यावर खटले चालायचे, तिथं आता अ‍ॅब्सिंथचंच संग्रहालय आहे.

हे ऐकताना मला माझे धाकटे काका दिसत होते. आमच्या घरातही असाच एक खटला चाललाय. काका चोर्ला घाटातून पलीकडं गोव्यात जायचे, काजूच्या दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, घेऊन यायचे. एरवी रोज संध्याकाळी इथलंच काहीतरी. बावन्नाव्या वर्षी पोटात पाणी झालं, डोळे पिवळे, दीड महिन्यात गेले. घरात सगळे आजही म्हणतात, त्या हुर्राकनं घात केला, भेसळीचं होतं. वर्षातले दोन महिने हुर्राक आणि बाकीचे दहा महिने साधी दारू, त्या दहा महिन्यांचं नाव कुणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं. काकांच्या दुखवट्यात आलेल्या माणसांपुढं मीच मान हलवली होती, हो, भेसळच असणार. काकांना दोष जाऊ नये म्हणून काजूवर घातला. तिकडं दारूला जाऊ नये म्हणून झाडावर घातला असेल. झाड उलटून बोलत नाही.

सकाळी आई मोरीत ग्लास हुंगत उभी होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, नाक माझ्यापेक्षा तिखट.

"दवणा कुणी भिजवला रे ह्यात?"

"दवणा नव्हे, आई. दारू आहे. वास तेवढा तसा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "त्या हुर्राकासारखी काय?"

"सगळ्या सारख्याच. काकांचंही हुर्राकनं झालं नाही, आई. रोजच्यानं झालं."

तिनं ग्लास नळाखाली धरला, राखेनं घासला, धुऊन पालथा घातला. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. हात पुसत म्हणाली, "मला माहीत होतं की ते. तुझ्या आजीपुढं बोलायची सोय नव्हती." मग देवघरातली सुकलेली जुडी काढून तुळशीत टाकली आणि बाटली घरात ठेवू नको म्हणाली. अर्धी राहिलेली ती बाटली मी दुकानात नेली आहे. आतल्या खोलीत, किरमाणी ओव्याच्या डब्यामागं, उजेड लागत नाही तिथं.