साहेबांचा फोन घरी राहिला तो दिवस

भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी मशिनिंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापून घडवणाऱ्या युनिटमध्ये मी ऑफिस सांभाळते. बिलं, चलनं, पगार, बँक, गेटवर आलेली प्रत्येक चौकशी. माणसं चाळीसेक, मालक एकच. साहेब टूलरूममध्ये शिकून वर आलेले आहेत. मशीनचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा बदलता तुकडा, झिजलाय हे लांबूनच सांगतात.

दिवाळीनंतर त्यांच्यात फरक पडला. एकच कोटेशन पुन्हा पुन्हा उघडायचे आणि न पाठवता बंद करायचे. एक चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही म्हणून. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की पूर्वी किती मोकळेपणानं बोलायचे! आता स्क्रीनकडे नुसतं बघत बसायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती मी नंतर वाचली. थकून जाणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही खुणा मी रोज केबिनमध्ये बघत होते. त्या व्याख्येत याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि वेळेवर न सावरलेल्या ताणाचा हा परिणाम आहे, असं म्हटलंय. मग सावरायची सुरुवातही कामाच्या जागेपासूनच करायला हवी, नाही का?

डिसेंबरातल्या एका गुरुवारी, म्हणजे आमच्या भागाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, त्यांना घरी गरगरलं. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आणि फोन बंद. वहिनींनी फोन काढून स्वतःकडे ठेवला. शुक्रवार कसाबसा गेला. शनिवारी २० तारीख होती.

सकाळीच गुजरातमधल्या साणंदला जाणारी गाडी भरून उभी राहिली. माल ५०,००० रुपयांच्या वरचा, त्यामुळे ई-वे बिलाशिवाय, म्हणजे जीएसटीसाठी माल नेताना ऑनलाइन काढायच्या कागदाशिवाय, ती गेटबाहेर काढता येत नाही. एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर लॉगिन करताना सगळ्यांनाच ओटीपी लागतो, आणि आमचं लॉगिन एकच, साहेबांच्या मोबाइलला जोडलेलं. वहिनींना फोन लावला, त्यांनी आकडे वाचून दाखवले, गाडी निघाली. थोड्या वेळाने सीएंच्या ऑफिसमधून निरोप आला: जीएसटीचं ३बी रिटर्न तयार आहे, भरायला ओटीपी द्या. आज भरलं नाही तर उद्यापासून दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि राहिलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. पुन्हा वहिनी. मग आमच्या भागांवर मुलामा चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याचं पेमेंट. मग स्टोअरमधला मुलगा आला: इन्सर्टची एक पेटी मागवायची आहे, साहेबांना विचारायचं होतं. सुपरवायझर काका आले: दोन मुलांना ओव्हरटाइमला थांबवू का? हे काका मशीनवर साहेबांच्या बरोबरीने वर्षानुवर्षं उभे राहिलेत, आणि दोन मुलं थांबवायला त्यांना परवानगी लागत होती.

दुपारनंतर वहिनींचाच फोन आला. म्हणाल्या, "ताई, सकाळपासून मी दुसरं काही केलेलंच नाही. पोळ्या अर्ध्यावर टाकून आकडे सांगतेय. यांचं रोज असंच चालतं?"

मी हो म्हटलं. दोघीही जरा वेळ गप्प राहिलो.

त्या संध्याकाळी मी आणि काकांनी वहीत लिहून काढलं, साहेबांवाचून दिवसभरात काय काय अडलं ते. रेट ठरवणं, नवीन मशीन घेणं, माणूस काढणं-ठेवणं, यातलं एकही त्यात नव्हतं. सगळ्या बारीकसारीक परवानग्या होत्या. मोठ्या निर्णयाला माणूस वेळ काढून बसतो. या परवानग्या मात्र जेवताना, गाडी चालवताना, झोपेतून उठवून त्याच्याकडे येतात, आणि मोठ्या कामासाठी डोकं शिल्लकच राहत नाही. साहेब त्यानेच थकले, असं मला ठामपणे वाटतं.

बरं वाटल्यावर ते ऑफिसला आले तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवली. वाचून म्हणाले, "पैशाचं कुणावर सोडायचं?" या भीतीला मी नावं ठेवणार नाही. एकाच अकाउंटंटवर सगळं सोपवून बुडालेली युनिटं या पट्ट्यातल्या प्रत्येकाने पाहिलीत. म्हणून आधी व्यवस्था बदलली. बँकेत मेकर-चेकर पद्धत घेतली: पेमेंट मी तयार करते, मंजुरी साहेब देतात, दिवसातून एकदा, सगळी एकत्र. ई-वे बिलाच्या पोर्टलवर माझ्या नावाने सब-युजर, म्हणजे वेगळं लॉगिन, काढला. ओटीपी आता माझ्या नंबरवर येतो. जीएसटी पोर्टलवर मालकाखेरीज दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता नेमता येतो, तोही नेमला. टूलिंगची खरेदी १०,००० रुपयांपर्यंत काकांच्या सहीने, आणि ओव्हरटाइम पूर्णपणे त्यांच्याकडे.

कागदावर हे सोपं दिसतं. पहिल्याच आठवड्यात काकांनी नेहमीपेक्षा महागाच्या इन्सर्ट घेतल्या, आणि साहेब स्टोअरमध्ये जाऊन म्हणाले, "यापुढे मला विचारून." तेवढ्या एका वाक्याने सगळं पूर्ववत झालं. दुसऱ्या दिवसापासून काका पुन्हा केबिनच्या दाराशी. मी दार लावून साहेबांना सांगितलं, की काम दिलं आणि चुकायची मुभा दिली नाही तर काका काम घेणार नाहीत, फक्त निरोप आणतील. ते रागावले. पण संध्याकाळी जाताना काकांना म्हणाले, "मर्यादेत आहे तोवर तुम्ही बघा. महिन्याअखेरीला हिशेब बघू." त्या शब्दाला ते आजवर जागलेत.

रेट, गिऱ्हाईक, पगारवाढ आजही त्यांच्याकडेच आहे, आणि ते तिथेच असावं. गुरुवारी फोन वहिनींकडे असतो. तातडीचं असेल तर मी वहिनींना कळवते. कोटेशन आता त्याच दिवशी जातं.

आता ओझं माझ्या टेबलावर साचतंय, हेही मी साहेबांपुढे मांडलं. माझ्याकडचं सगळं एकट्या माझ्याकडेच राहिलं, तर पुढची २० तारीख माझ्यावाचून अडेल. नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी हाताखाली घेतली आहे. ई-वे बिलाचा दुसरा सब-युजर तिच्या नावाने काढलाय, आणि या महिन्यापासून प्लेटिंगची चलनं ती एकटी बघते.