ओट्यावरची सावली

स्वयंपाकघरातली ट्यूब काढून एलईडी लावायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "किती वॅटची आणायची?" मला मात्र ती लावायची कुठे, हे आधी ठरवायचं होतं. जुनी ट्यूब दाराच्या वरच्या भिंतीवर होती, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की बरोब्बर पाठीमागे. खोलीत उजेड भरपूर, पण चिरायला घेतलं की सुरीवर आपल्याच डोक्याची सावली. त्याच जागी कितीही भारी दिवा लावला असता तरी ती सावली अजून गडद झाली असती, एवढंच.

ट्यूबची दोन्ही टोकं काळी पडली होती. बटण दाबलं की आधी स्टार्टरची लुकलुक, मग चोकची गुणगुण. टोकाच्या तारेवर एक लेप असतो, तो दर वेळी पेटताना थोडा थोडा उडतो आणि काचेला आतून बसतो. म्हणून सारखी चालू-बंद होणारी ट्यूब लवकर जाते, आणि पाणी प्यायला आत जाणारा प्रत्येक माणूस ते बटण दाबतोच. विजेचं म्हणाल तर ट्यूब 36 वॅटची असली तरी साधा चोक वर दहाएक वॅट खातो. 20 वॅटची एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी विजेत चालते. बचतीवर याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वायरमनचं म्हणणं पडलं, "ताई, पट्टी तीच ठेवू, नुसती एलईडी ट्यूब बसवू." होतं तसंही. पण या ट्यूब एकसारख्या नसतात. काही जुन्या चोकवर चालतात, फक्त त्यांच्यासोबत आलेला स्टार्टर जुन्याच्या जागी लावायचा. काहींना थेट वीज लागते, त्यासाठी चोक आणि स्टार्टर दोन्ही जोडणीतून काढावे लागतात. त्यातही काहींना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला, तर काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. ट्यूबवर छापलेली आकृती न बघता जोडणी केली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. आणि दोन टोकांना वीज घेणारी ट्यूब एका बाजूने होल्डरमध्ये गेली असताना दुसरं टोक हातात असेल, तर त्या पिनांतून झटका बसू शकतो. म्हणून नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विचच पाडायचा. मला तर ती जागाच नको होती, त्यामुळे पट्टीसकट सगळं उतरवलं.

नवी एलईडी पट्टी छताला लावली, ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर, म्हणजे उजेड कपाळासमोरून येतो. शिवाय वरच्या कपाटांच्या खाली एलईडी स्ट्रिप, म्हणजे बारीक दिव्यांची चिकटवायची फीत. ती भिंतीलगत चिकटवायचा मोह होतो, कारण दिसत नाही. पण मग फरशाच उजळतात आणि हात अंधारात राहतात. कपाटाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने लावली की उजेड थेट कामावर पडतो. ओटा गुळगुळीत दगडाचा असेल तर त्यात एकेक दिवा ठिपक्यासारखा चमकतो, म्हणून स्ट्रिप बसवायला दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. तेलकट बोटांनी पुसायलाही ती बरी, आणि स्ट्रिपची उष्णताही ॲल्युमिनियम ओढून घेतं. लांब स्ट्रिप 12 पेक्षा 24 व्होल्टची बरी, नाहीतर शेवटचं टोक मंद दिसतं. ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला लागेल तशी करून देणारी डबी, शेगडीच्या वर अजिबात नको. एलईडीच्या आधी बहुतेक वेळा ड्रायव्हरच जातो, आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. हात पोचेल अशा जागी ठेवा.

रंगाबाबत मी हट्टी आहे. सगळे सवयीने 6500 केल्विनचा पांढराफटक उजेड घेतात. मी त्याहून थोडा पिवळसर, 4000 चा घेतला आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, 90 च्या वरचा. पांढरी एलईडी मुळात निळी असते, वर पिवळा लेप असतो. स्वस्तातल्या दिव्यात लाल रंग कमी पडतो. परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली तळहात धरा. तो राखाडी, आजाऱ्यासारखा दिसला तर त्या उजेडात पालेभाजी ताजी की सुकलेली, आणि परतलेलं करपायला लागलं की नाही, तेही नीट कळणार नाही.

सगळं झाल्यावर आई म्हणाली, "ओट्यावर लख्ख आहे गं, पण खोली अंधारी वाटते." खरंच होतं तिचं. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते, छतावरून परतलेला उजेड खोलीभर पसरतो. एलईडी पट्टी बहुतेक सगळा उजेड खालीच टाकते, त्यामुळे वरचे कोपरे आणि माळा काळोखात गेले होते. दारावरच्या जुन्या पॉइंटला एक साधा गोल बल्ब लावला, तेव्हा कुठे माळ्यावरच्या डब्यांची झाकणं दिसू लागली.

उतरवलेली ट्यूब कचऱ्याच्या बादलीत उभी करू नका, तिच्यात थोडा पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, आणि मग काचा जाड कागदाने उचलून ओल्या कागदाने पुसायचं. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. आमची नव्या पट्टीच्या खोक्यात घालून ठेवली आहे, ई-कचऱ्यात जाईल. चोक मात्र आईने ठेवून घेतलाय. कशाला, ते विचारायची सोय नाही.