जुन्या स्विफ्टमध्ये टचस्क्रीन आणि परभणी केंद्र

आमची स्विफ्ट २०१० ची, डिझेल. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, पण आतला टेप आधीच्या मालकाने कुठूनतरी बसवलेला, सीडीवाला. सीडी आत अडकलेली, यूएसबीचं तोंड सैल, आवाज कधी डाव्या बाजूने तर कधी कुठूनच नाही. गाडी विकायला काढली तर भाव येईना, आणि नवी घ्यावी एवढा सोयाबीनने यंदा हात दिला नाही. मग ठरलं, टचस्क्रीन बसवू, बॅक कॅमेरा लावू आणि हीच अजून काही वर्षं चालवू.

आबांना स्क्रीन, कॅमेरा, नकाशे यातलं काही नको होतं. ते म्हणाले, "परभणी केंद्र लागतंय का तेवढं बघ." सकाळी शेताकडे निघाले की त्यांना गाडीत आकाशवाणी परभणी लागते. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला. हे केंद्र मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागतं, म्हणजे एफएमवर नव्हे, एएमवर. परभणी शहरात दुकानदाराला हे विचारलं की तो आपल्याकडे बघत राहतो. "रेडिओ आहे ना सर, एफएम आहे. आता एएम कोण ऐकायलंय?" आमचे आबा ऐकायलेत, म्हटलं.

खरेदीबद्दल आधी सांगतो, कारण फसवणूक तिथेच जास्त आहे. डब्यावर चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी मेमरी, अँड्रॉइड १३ असं ठळक लिहिलेलं असतं. एका दुकानात मी स्क्रीन चालू करायला लावली, मोबाईलचा हॉटस्पॉट दिला आणि हार्डवेअरची माहिती दाखवणारं एक फुकटचं अॅप टाकलं. अॅपने आतला माल दाखवला: चार कोअरचा जुना टी३एल प्रोसेसर, दोन जीबी रॅम आणि अँड्रॉइड १०. सेटिंगमधल्या 'अबाउट' पानावर मात्र १३च. ते पान विकणाऱ्याला हवं तसं लिहून घेता येतं, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका. दुकानदार चिडला नाही, "कंपनीकडूनच तसं येतंय" म्हणाला, आणि खरं म्हणजे त्यालाही ठाऊक नसावं. '५० वॉट गुणिले ४' हेही तसंच. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, चार ओहमच्या स्पीकरला, वेगळा अॅम्प्लिफायर नसताना स्वच्छ आवाजाचे फार तर पंचवीसेक वॉट निघतात. बाकीचे डब्यावरच राहतात.

शेवटी आठ कोअरच्या युनिसॉक ७८६२ प्रोसेसरचं, खरोखर चार जीबीचं युनिट घेतलं. साडेअकरा हजार. आयपीएस पॅनेलचा आग्रह धरला, कारण साधं पॅनेल आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात बाजूने बघितलं की काळं दिसतं. आणि पैसे देण्याआधी रेडिओचं पान उघडून त्यावर एएमचं बटण आहे का ते स्वतः पाहिलं. काही स्वस्त युनिटांत ते नसतंच.

मापाचा थोडा घोळ समजून घ्यावा लागतो. डीआयएन म्हणजे गाडीतल्या टेपचं ठरलेलं माप. एक डीआयएनचा टेप १८० बाय ५० मिलिमीटर, दोन डीआयएनचा १८० बाय १००. नऊ इंची स्क्रीन यातल्या कुठल्याच खाचेत मावत नाही. तिच्या मागचा डबा खाचेत जातो, स्क्रीन बाहेर उभी राहते आणि मध्ये त्या त्या गाडीची फ्रेम लागते. स्विफ्टची फ्रेम म्हटलं की दुकानदार २०११ नंतरच्या मॉडेलची पुढे करतो. ती जुन्या स्विफ्टला बसत नाही, डॅशबोर्डच वेगळा आहे. फ्रेम आणि कपलर, म्हणजे तारा जोडायचं सॉकेट, मिळून नऊशे रुपये गेले.

फिटिंग दुकानातच करून घेतलं. पोराचा हात चपळ होता, तासाभरात स्क्रीन झळकली. चावी फिरवली की लगेच चालू, एक सेकंद वाट बघायला नको. मी खूश. काही दिवसांनी सकाळी शाळेत निघालो तर स्टार्टर नुसता कटकट करतोय. डिझेल गाडी, तिला धक्का मारायला गल्लीतली माणसं गोळा केली. बॅटरी चार्ज करून आणली, दोन रात्रींत पुन्हा तेच.

मग जिंतूर रोडच्या एका जुन्या वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. वय साठीपुढचं, चष्म्याला दोरी, बोलणं कमी. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. गाडी बंद, चावी काढलेली, दरवाजे लावलेले. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करून मध्ये मल्टिमीटर लावला. उभ्या गाडीने साधारण पन्नास मिलिअँपिअरच्या आत राहावं. आमचा काटा ०.६ अँपिअरवर. "म्हणजे दिवसरात्रीत चौदा अँपिअर-तास पितोय तुमचा टीव्ही," मिस्त्री म्हणाले. सकाळी डिझेल इंजिन फिरवायला बॅटरीत काय उरणार?

पॅनेल काढलं आणि कारण समोरच होतं. अशा युनिटला दोन प्लस तारा असतात. पिवळी कायम बॅटरीला, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग जिवंत राहतात. लाल चावीला, म्हणजे एसीसीला. ती बंद झाली की युनिटला कळतं, आता झोपायचं. दुकानातल्या पोराने दोन्ही तारा एकत्र पिळून कायमच्या प्लसला दिल्या होत्या. अँड्रॉइडला थंड सुरुवात करायला अर्धा मिनिट लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं स्लो आहे. लाल तार कायम चालू ठेवली की युनिट झोपतच नाही, नुसती स्क्रीन काळी होते, आणि सकाळी झटकन उजळते. गिऱ्हाईकही खूश, दुकानदारही. तारा बरोबर जोडल्या तरी झोपलेलं युनिट दोन-तीन सेकंदांत उठतं, म्हणजे एवढ्यासाठी बॅटरी मारायची गरजच नव्हती.

त्यापुढे मिस्त्रींनी जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. या गाडीचा मूळ कपलर आधीच्या टेपवाल्याने कधीच कापलेला. गाडीकडच्या तारांचे रंग आणि युनिटच्या तारांचे रंग यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नव्हता. युनिटच्या बाजूला रंग ठरलेले असतात: पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, प्रत्येकात काळा पट्टा असलेली तार मायनस. गाडीकडून मात्र एकेक तार मोजूनच ओळखायची. चावी काढलेली असताना १२ व्होल्ट दाखवते ती कायमची. चावी एक घर फिरवल्यावरच जागी होते ती एसीसी. पार्किंग लाइट लावल्यावर येते ती नारिंगीला द्यायची, म्हणजे रात्री स्क्रीन मंद होते.

स्पीकरच्या तारा ओळखायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. खिशातून घड्याळाचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल काढला, दोन तारा त्याच्या टोकांना क्षणभर टेकवल्या. मागच्या दारातून 'टप्' आवाज आला. मला म्हणाले, "सर, जाळीतून स्पीकरचा कागद बघा, बाहेर आला का आत गेला?" बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार स्पीकरची प्लस. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तो वाजतो, पण दोघांचा खर्ज एकमेकांना खातो आणि गाणं पोकळ वाटतं. आमच्या पुढच्या उजव्या दाराचं तसंच होतं. इतकी वर्षं मी स्पीकर खराब म्हणत होतो. आणि स्पीकरची मायनस तार बॉडीला लावायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. त्याने युनिटचा अॅम्प्लिफायरच जातो.

पिळलेले सगळे जोड सोडवून त्यांनी सोल्डरिंगचे डाग दिले आणि वरून आकसणारी नळी चढवली. साधी काळी टेप त्यांना मान्य नाही. परभणीच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे तिचा गोंद पाघळतो, टेप घसरते आणि उघडी तार कुठे टेकेल सांगता येत नाही. दुकानाने लावलेली टेप तेवढ्या दिवसांतच चिकट झाली होती, माझ्या बोटांना काळा डिंक लागला. पिवळ्या तारेचा फ्यूजही त्यांनी उघडून पाहिला, दहा अँपिअरचा होता, तोच ठेवला. पुन्हा मल्टिमीटर लावला. युनिट झोपेपर्यंत थांबलो, आकडा चाळीस मिलिअँपिअरच्या खाली आला.

आता आबांचं स्टेशन. एएमवर गेलो आणि बटण दाबत राहिलो: १२९०, १३००, १३१०. मध्ये १३०५ नाहीच! ऑटो सर्चलाही सापडेना. मिस्त्रींनी हात वर केले, "हे मोबाईलवालं काम आहे, तुमचं तुम्ही बघा." घरी येऊन डोकं लावलं तेव्हा उलगडलं. आपल्याकडे मध्यमलहरींची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. ५३१, ५४०, ५४९ असं करत १३०५ बरोबर येतं. अमेरिकेत दहा-दहाचं अंतर. युनिटमध्ये रेडिओचा विभाग 'अमेरिका' ठेवलेला होता, त्यामुळे ते पाचावर थांबतच नव्हतं. फॅक्टरी सेटिंगमध्ये जाऊन विभाग 'युरोप' केला. त्या पानाचा पासवर्ड लागतो, तो विक्रेत्याकडून आधीच घेऊन ठेवा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तिथली बाकी काही बटणं छेडू नका, चुकीचा पर्याय दाबला तर टचसुद्धा बंद पडतो. अमेरिकेच्या सेटिंगवर एफएमचंही वाटोळं होतं, १०१.७ सारखी विषम दशांशाची स्टेशनं लागतात आणि सम दशांशाची गळतात.

१३०५ लागलं. पण निवेदकाच्या मागे भुंगा गुणगुणत होता. एएमला प्रत्येक स्वस्त विजेच्या वस्तूचा त्रास होतो. सिगारेट लायटरमधला मोबाईल चार्जर उपटला, भुंगा निम्मा झाला. मग युनिटची काळी, म्हणजे अर्थची, तार कपलरमधून काढून पॅनेलमागच्या लोखंडी पट्टीला, रंग खरवडून, बोल्टखाली घट्ट बसवली, अजून कमी. तिसरी गोष्ट अँटेना. छतावरची काडी वॉशिंगवाल्याकडे कधीतरी हरवली होती आणि दुकानदाराने दिसायला छान म्हणून माशाच्या पंखासारखं प्लास्टिक चिकटवलं होतं. आत तार नाही, काही नाही, नुसती शोभा. दीडशे रुपयांची लांब काडी परत लावली. आता जिंतूरपर्यंत आवाज स्पष्ट येतो, मंठ्याकडे निघालं की खरखर वाढत जाते. स्क्रीनच्या स्वतःच्या पुरवठ्याची थोडी कुरकुर उरली आहे, ती जाणार नाही; पडदा बंद ठेवून नुसता आवाज ऐकला की तीही कमी होते, आणि आबांना तसाही पडदा नकोच असतो.

कॅमेऱ्याचं काम सोपं, फक्त वेळखाऊ. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घ्यायची, आणि व्हिडिओच्या केबलला चिकटून येणारी बारीक लाल तार पुढे युनिटच्या रिव्हर्सच्या तारेला द्यायची, म्हणजे मागचा गिअर पडला की चित्र आपोआप येतं. केबल डिकीच्या झाकणातून रबरी नळीतूनच घ्या. बाहेरून घेतली तर झाकण उघडमीट करून तुटते. चित्र आधी आरशासारखं उलटं आहे की नाही तेही बघा. आमचं सरळ होतं, त्यामुळे डावीकडची मोटारसायकल स्क्रीनवर उजवीकडे दिसायची.

जीपीएसची डबी दुकानाने लोखंडी पट्टीच्या मागे कोंबली होती, म्हणून नकाशा गाडीला कायम शेजारच्या शेतातून चालवायचा. ती काचेजवळच्या प्लास्टिकखाली आणली. प्लास्टिकमधून सिग्नल येतो, लोखंडातून येत नाही. जिंतूरच्या पुढे मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून परभणी, जालना, संभाजीनगरचा नकाशा आधीच उतरवून ठेवला आहे.

हँडब्रेकची एक तार असते. ती अर्थला दिली की गाडी चालू असतानाही सिनेमा दिसतो, आणि दुकानं ती न विचारता देऊन टाकतात. मी मिस्त्रींना हँडब्रेकच्या स्वीचलाच जोडायला लावली. घरात माझ्याशी यावरून दोन दिवस कुणी नीट बोललं नाही.

स्वतः पॅनेल उघडणार असाल तर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पेचकसाऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा, आणि सकाळच्या गारव्यात नको, गाडीला थोडं ऊन लागू द्या; पंधरा वर्षांचं प्लास्टिक थंड असताना क्लिपपाशी तडकतं. मिस्त्रींनी सगळ्या कामाचे आठशे घेतले. दुकानाने फिटिंगचे बाराशे घेतले होते, ते परत मागायला मी गेलो नाही, पण त्या पोराला लाल आणि पिवळी वेगळी का ठेवायची ते समजावून आलो. तो म्हणाला, "सर, मंग गिऱ्हाईक म्हणतंय स्लो हाय."