गॅरेजचं वर्कशॉप: कोब्यातली ओल, फुगलेला इपॉक्सी आणि बदललेला बेत

मागच्या नोंदीत गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सीचा (दोन घटक मिसळून पक्क्या होणाऱ्या रेझिनचा) थर छान बसल्याचं लिहिलं होतं. त्याच्या मागच्या भागात आता फोड आले आहेत. शटरकडचा भाग ठणठणीत आहे, मधल्या पट्ट्यालाही काही झालेलं नाही. पण मागच्या भिंतीपासून दोन मीटरच्या पट्ट्यात ५ मिमीपासून २५ मिमीपर्यंतचे टणक फुगवटे उठले आहेत. त्यामुळे फ्रेंच क्लीट (भिंतीवर अवजारं अडकवायच्या तिरक्या कापाच्या लाकडी पट्ट्या) आणि धूळ ओढायची पाइपलाइन दोन्ही तूर्त बाजूला. या वेळी बहुतेक जागा कोबाच खाणार.

फोड कशाचा आहे हे तो फोडल्याशिवाय कळत नाही. टोचल्यावर नुसती हवा सुटली, तर ती कोब्याच्या छिद्रांतली हवा असते. तापमान चढत असताना थर ओतला की आतली हवा प्रसरण पावून वर येते, आणि असे बुडबुडे पहिल्या काही तासांतच दिसतात. इथले फोड थर पूर्ण पक्का होऊन बरेच आठवडे उलटल्यावर उठले. सुई लावताच दाबाखालचं पिवळसर, चिकट पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं. पीएच पट्टी त्यात गडद निळी झाली, म्हणजे ११ च्या वर. हे पाणी त्वचेला आणि डोळ्यांना चांगलंच लागतं, म्हणून चष्मा आणि नायट्राइल मोजे घातल्याशिवाय टोचू नका. मग पटाशीने फोडाचं टोपण उचलून खालची बाजू पाहायची. तिला सिमेंटची पातळ खपली चिकटलेली असेल, तर कोब्याचा वरचा थरच कमकुवत आहे. इथे खालची बाजू स्वच्छ आणि चकचकीत निघाली. म्हणजे घासाई नीट झाली होती, थर धरलाही होता, पण खालून पाण्याने तो ढकलला.

याला ऑस्मोसिसचे फोड म्हणतात. कोब्यातले विरघळणारे क्षार आणि इपॉक्सीतले न जुळलेले घटक थराच्या तळाशी साचतात. कोब्याचा प्रायमर प्यायलेला वरचा भाग अर्धपार्य पडद्यासारखं काम करतो आणि पातळ पाणी त्या दाट द्रावाकडे ओढलं जातं. एकदा हे सुरू झालं की दाब इतका चढतो की उत्तम चिकटलेला थरही उचलला जातो. म्हणून फोड कापून, पुटी भरून, वरून पुन्हा रंग मारण्यात अर्थ नाही. शेजारी नवे फोड येतात.

आता खरा प्रश्न: थर ओतण्याआधीची प्लास्टिकची चाचणी कोरडी आली होती, मग हे कसं? ४५ × ४५ सेंमीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवायचा आणि खालच्या बाजूला थेंब दिसतात का ते पाहायचं, ही ती चाचणी. ओली आली तर तिच्यावर जरूर विश्वास ठेवा. कोरडी आली तर मात्र तिचा अर्थ इतकाच, की त्या वेळी पृष्ठभागावर थेंब जमण्याजोगी परिस्थिती नव्हती. प्लास्टिक कोब्यापेक्षा गरम असेल तर आतून वाफ येत असूनही थेंब जमत नाहीत. पृष्ठभाग कोरडा आणि पोटात ओल, ही जुन्या कोब्याची नेहमीची अवस्था आहे.

पोटातली ओल मोजायची तर कोब्यात छिद्र पाडावं लागतं. एएसटीएम एफ २१७० ही कोब्यातली ओल मोजायची प्रमाण पद्धत हेच सांगते: कोबा एकाच बाजूने सुकत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर मोजायचं. १०० मिमीच्या कोब्यात ४० मिमी. छिद्र कोरड्या ड्रिलनेच पाडायचं, पाणी वापरायचं नाही. आतली भुकटी ब्रश आणि व्हॅक्यूमने काढायची, छिद्रात पाइपचा तुकडा घट्ट बसवायचा, तोंड बंद करायचं आणि २४ तासांनी आतली सापेक्ष आर्द्रता वाचायची. पाइप वरपासून तळापर्यंत हवा, नाहीतर वरच्या कोरड्या भागाची हवा मिसळून आकडा कमी येतो.

महागडा प्रोब नसला तरी चालतं. बारीक टोकाचा साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि आधी मिठाने तपासा. झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात शेजारी ठेवा. २५ अंशांना डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हायग्रोमीटर ७९ दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून ४ वजा. स्वस्त यंत्रांबद्दल तक्रार नाही, न तपासलेल्या यंत्रांबद्दल आहे.

दुरुस्त केलेले आर्द्रतेचे आकडे (टक्के) असे: मागच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ९४, दीड मीटरवर ९०, मध्यभागी ८१, शटरजवळ ७३. बहुतेक साध्या इपॉक्सींची मर्यादा ७५ ते ८० च्या आसपास असते. ओल कोब्याखालून सगळीकडे सारखी येत नाही, मागून येते, हे आकड्यांचा उतारच सांगतो.

मागच्या भिंतीबाहेर पाहिलं की कारण सापडतं. बागेची माती भिंतीला टेकून आतल्या कोब्यापेक्षा १२ सेंमी वर चढलेली आहे आणि पन्हळीचा पाइप त्याच कोपऱ्यात सुटतो. भिंतीच्या आतल्या बाजूला खाली लोणा धरून गिलाव्याचे पोपडे निघत होते, त्याचाही उलगडा यातच आहे. गिलावा जिथे पांढरा पडतो, तिथल्या कोब्यावर संशय घेतलाच पाहिजे.

दुरुस्तीची सुरुवात म्हणून बाहेरूनच केली. माती आतल्या कोब्याच्या पातळीपेक्षा १५ सेंमी खाली नेली. पहिल्या ३ मीटरला भिंतीपासून दूर जाणारा १५ सेंमीचा ढाळ दिला, म्हणजे ५ टक्के. पन्हळीचा पाइप वाढवून पाणी भिंतीपासून २ मीटरवर सोडलं. उघड्या पडलेल्या भिंतीवर लगेच डांबरी थर मारायचा मोह होतो, पण भिंत आधी सुकू द्या, नाहीतर ओल आत कोंडते. यानंतर ९४ चा आकडा ८९ वर आला आहे. कोबा सुकायला वेळ घेतो: साध्या हिशेबाने २५ मिमी जाडीला एक महिना, म्हणजे १०० मिमीला चार महिने, तेही हवा खेळती असेल तर. या गतीने आकडा उतरला तरी समाधान आहे.

फुगलेला थर काढण्याबद्दल एक गोष्ट. साधं डायमंड कप व्हील उघड्या काँक्रीटवर उत्तम चालतं, पण इपॉक्सीवर घर्षणाने रेझिन मऊ होऊन चाकावर लुकण बसतं आणि चाक नुसतं घासत राहतं. थर काढायला पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या) सेगमेंटचं व्हील घ्या, ते थर खरवडून उचलतं. ग्राइंडरचा वेग कमी ठेवा आणि व्हील सपाट धरा; कडेवर तिरकं झालं की कोब्यात चंद्रकोरीचे खड्डे पडतात. थर निघाल्यावर ३० ग्रिटच्या डायमंडचा एक हलका हात पुरे. ग्राइंडरच्या शील्डला व्हॅक्यूम जोडलेला हवाच आणि तोंडावर पी १०० फिल्टरचा मुखवटा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, साध्या कापडी मास्कने ती अडत नाही.

पुढे काय, यासाठी दोन वाटा होत्या. पहिली: ओल सहन करणारा, पूर्ण घन घटकांचा (म्हणजे सुकताना काहीच उडून न जाणारा) इपॉक्सी प्रायमर. हे प्रायमर ९५ टक्क्यांच्या वरही चालतात, पण थर साधारण ४५० मायक्रॉन जाड आणि एकसंध लागतो. एक लिटर घन रेझिन एक चौरस मीटरवर बरोबर १ मिमी थर देतं, म्हणजे ४५० मायक्रॉनला चौरस मीटरला ०.४५ लिटर. मागच्या ६ चौरस मीटरला २.७ लिटर, वर वाया जाणारं धरून ३. हाच हिशेब दुकानातल्या गॅरेज किटला लावून पाहा. डब्यावर ४ लिटरमध्ये ४० चौरस मीटर लिहिलेलं असेल तर ओला थर १०० मायक्रॉनचा, आणि रंग पाण्यावर आधारित, निम्मा घन असेल तर सुकल्यावर ५० मायक्रॉन. जॅकची चाकं फिरणार असतील तर एवढा थर टिकत नाही. ‘ओलीवरही चालतं’ असं कुणी तोंडी सांगितलं तर डेटा शीट मागा. त्यात आर्द्रतेचा आकडा नसेल तर तो डबा घेऊ नका.

दुसरी वाट: ओल अडवायचीच नाही, कोबा मोकळा श्वास घेईल अशी जमीन वर उचलायची. ८ मिमी उंचीच्या बुट्ट्यांची (उठावदार फुगवट्यांची) एचडीपीई प्लास्टिकची शीट बुट्ट्या खाली करून अंथरायची, जोडांना टेप लावायची आणि वर प्लाय. वाफ बुट्ट्यांमधल्या पोकळीत फिरते आणि भिंतीकडेच्या फटीतून बाहेर पडते. कौल या वाटेला. कारण फक्त ओल नाही. दमट दिवसांत शटर उघडलं की कोब्याला वरूनही घाम येतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे २४ अंश. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा आणि उत्तर तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० च्या वर असेल तर ते पुरेसं जुळतं. कोबा २२ अंशांवर असला की त्यावर पाणी जमणारच आणि ओतीव लोखंडाच्या टेबलांना गंज धरणारच. कितीही भारी इपॉक्सी मारला तरी यात फरक पडत नाही. प्लायचा पृष्ठभाग मात्र खोलीच्या तापमानाला लवकर येतो. शिवाय तासन्‌तास उभं राहणाऱ्या पायांनाही तो सोसतो.

पहिला आराखडा असा होता की शीटवर पाचरीसारखे निमुळते बत्ते (लाकडी पट्ट्या) टाकून जमीन एकदम लेव्हलला आणायची. कोब्याला शटरकडे १:१०० चा ढाळ आहे. पुढचा दीड मीटर उघडा ठेवून मागचे ४.५ मीटर उचलायचे, म्हणजे फरक ४५ मिमी. मागच्या टोकाला बत्ता किमान २० मिमी हवा, नाहीतर स्क्रू धरत नाही. पुढच्या टोकाला तो ६५ होतो, त्यात शीट ८ आणि प्लाय १८ मिळवले की पायरी ९१ मिमीची. १:८ चा रॅम्प करायचा तर ७३ सेंमी लांब! उघड्या पट्ट्याची निम्मी जागा रॅम्पच खाणार.

हा हिशेब मांडताना लेव्हलचा हट्टच सोडला. ढाळ राहू दे. थेट शीटवर १२ मिमी मरीन प्लायचे दोन थर, एकमेकांना आडवे, वरचे जोड खालच्या जोडांपासून किमान ३० सेंमी दूर. एकूण उंची ३२ मिमी, रॅम्प फक्त २६ सेंमी. स्क्रू २० मिमीचेच: दोन्ही थर मिळून २४ मिमी होतात, २५ चा स्क्रू शीटला भोक पाडतो. सरस लावायचा नाही, म्हणजे उद्या खाली डोकावायचं झालं तर तक्ते सुटे होतात. भिंतीपासून १२ मिमी फट सगळीकडे, आणि स्कर्टिंग भिंतीला लावायचं, प्लायला नाही. खालून ५ मिमी मोकळं ठेवून. दोन मीटरच्या टेबलाला ढाळामुळे येणारा २ सेंमीचा फरक पायांतल्या लेव्हलिंग बोल्टने निघतो. चाकाच्या ट्रॉल्यांना मात्र चारही चाकांना ब्रेक हवेत. पिलर ड्रिल प्लायवर ठेवायचं नाही. ते पुढच्या उघड्या कोब्यावर येईल, कंपनही कमी होतील.

एक इशारा: ही जमीन वाफेसाठी आणि किरकोळ झिरप्यासाठी आहे. वाहतं पाणी येत असेल तर प्लायखाली डबकं होईल, म्हणून बाहेरचं काम आधी. आणि त्याच जागेत पेट्रोलची गाडी किंवा कॅन राहणार असेल तर लाकडी जमीन करूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली पोकळीत साचते.

जमेच्या बाजूला दोन गोष्टी. शटरच्या दोन्ही कडांना ब्रशच्या पट्ट्या आणि उंबऱ्यावर रबरी सील बसलं. अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं तर प्रकाशाची रेघ फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात दिसते. तिथे मार्गाची पट्टी वाकलेली आहे, ती सरळ करायची आहे. आणि प्रकाश! १८ चौरस मीटरला ५०० लक्स म्हणजे कागदावर ९००० लुमेन, पण भिंती आणि छत प्रकाश खातात, वर्षांनी दिवेही मंदावतात, म्हणून २००० लुमेनच्या आठ ट्यूब बसवल्या. टेबलावर ६४० लक्स मिळताहेत. प्रकाशाचा रंग ४००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी अंक) ९०. टेबलाच्या डोक्यावर एकच रांग न लावता दोन रांगा लावल्याने हाताची सावली कामावर पडत नाही. फिरत्या यंत्रांजवळ लुकलुकणारा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) चालत नाही, फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत करा. सॉकेटची रांग वेगळ्या सर्किटवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) गेली आहे.

आणखी एक सुचलं आहे. प्लायखालच्या पोकळीला मागच्या कोपऱ्यात एक लहान, संथ एक्झॉस्ट पंखा जोडला तर कोबा लवकर सुकेल का? पुढच्या फटीतून हवा आत, मागून बाहेर. भीती एवढीच, की दमट दिवशी बाहेरची ओली हवाच थंड कोब्यावरून ओढली जाईल आणि पोकळीत दव पडेल. त्यामुळे पंखा टायमरवर नको, दोन हायग्रोमीटरच्या तुलनेवर चालवावा लागेल: आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच. ज्यांनी बुट्ट्यांच्या शीटखाली असा पंखा चालवून पाहिला आहे, त्यांनी हवेचा वेग आणि कडेची फट किती ठेवली ते जरूर सांगा. प्लाय कापण्याआधी ते कळायला हवं, कारण पंख्याच्या बाजूचा तक्ता ११० मिमीच्या पाइपसाठी खाच ठेवूनच कापावा लागेल.