पाच अक्ष आणि कमीत कमी सेटिंग : परदेशी शॉप फ्लोअरवरचं ॲल्युमिनियम

तीन अक्षांच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशिनवर) काही वर्षं काढून इकडे परदेशात येणाऱ्यांचा एक समज हमखास असतो. फाइव्ह-ॲक्सिस म्हणजे पाचही अक्ष सतत एकदम फिरत असणार! प्रत्यक्षात ॲल्युमिनियमच्या बहुतेक चौकोनी-षटकोनी जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यांत) दोन फिरते अक्ष जॉबला हव्या त्या कोनात नेतात, लॉक होतात आणि मग कटिंग नेहमीसारखं एक्स, वाय, झेडमध्येच चालतं. याला ३+२ म्हणतात. पाचही अक्ष खरोखर एकत्र लागतात ते इम्पेलर, टर्बाइनची पाती, वळणदार पोर्ट अशा कामांत.

मग या मशिनवर एवढा पैसा कशासाठी घालायचा? जॉब कमी वेळा उचलावा लागतो म्हणून. सहा बाजूंना काम असलेला ठोकळा तीन अक्षांवर पाच-सहा वेळा उलटापालटा करावा लागतो. प्रत्येक वेळी व्हाइसखाली (जॉब पकडणाऱ्या शिकंज्याखाली) एखादी चिप अडकते, जॉ म्हणजे त्याचा जबडा किंचित उचलतो, डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावताना थोडी चूक राहते. एका सेटिंगला ०.०१ ते ०.०२ मिमी गेले, तर समोरासमोरच्या दोन भोकांची कॉन्सेंट्रिसिटी (मध्य एकाच रेषेत असणं) ०.०२ मध्ये बसवणं हा नशिबाचा खेळ होतो. इथे पाच बाजू एकाच पकडीत होतात आणि सहावी दुसऱ्या पकडीत.

मशिनकडे जाण्याआधी ड्रॉइंगबद्दल, कारण नव्या माणसाचा पहिला स्क्रॅप बहुधा तिथेच होतो. जॉबच्या बाजूंची चित्रं कागदावर कुठे मांडायची याच्या दोन पद्धती आहेत : अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, युरोपात फर्स्ट अँगल चालतो. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह न पाहता मॉडेल बनवलं तर आरशातला जॉब तयार होतो, आणि माप मात्र सगळं बरोबर लागतं. जर्मन ड्रॉइंगवर १२,५ लिहिलं असेल तर ते साडेबारा मिमी. अमेरिकी शॉपमध्ये कुणी ‘दोन टेंथ काढ’ म्हणालं तर इंचाचे दोन दशहजारांश, म्हणजे जेमतेम ५ मायक्रॉन काढायचे. दोन दशांश मिलिमीटर नव्हे. धातूची नावंही बदलतात. आपल्याकडे ज्याला एचई ३० म्हणतात ते युरोपात ६०८२, जुन्या जर्मन ड्रॉइंगवर ३.२३१५. अमेरिकेत त्याच्या जागी बहुधा ६०६१ येतं. ताकदीचा जॉब असला तर ७०७५.

मिश्रधातूच्या आकड्याइतकंच त्यापुढच्या टेम्परकडे (धातूवर केलेल्या प्रक्रियेच्या खुणेकडे) लक्ष द्या. प्लेट क्वेंच करताना (तापवून एकदम गार करताना) वरचा थर आधी थंड होतो, गाभा मागाहून, आणि आत ताण अडकून राहतो. टी ६५१ म्हणजे क्वेंचनंतर प्लेट १.५ ते ३ टक्के ताणून हा ताण बराच कमी केलेला माल. नुसत्या टी ६ च्या ठोकळ्यातून एका बाजूने ८० टक्के धातू काढला की उरलेला भाग केळ्यासारखा वाकतो. दोष मशिनचा नसतो, प्रोग्रामचाही नसतो. उपाय जुनाच आहे : सगळ्या बाजूंनी रफिंग करून (जाड कट घेऊन) ०.५ ते १ मिमी ठेवायचं, जॉब पूर्ण सोडायचा, डॅटमची (जिच्यावरून मापं धरतात ती) बाजू पुन्हा सपाट करायची, हलक्या हाताने परत पकडायचं आणि मग फिनिशिंग. मधे सोडल्यावर डायलखाली ०.१५ चा बाक दिसला तर क्लॅम्प आवळून तो दाबू नका. मशिनवर सपाट दिसेल आणि सोडताच तेवढाच बाक परत येईल.

पकडण्याचंही तेच. ॲल्युमिनियमचा यंगचा गुणांक (ताठपणाचं माप) साधारण ७० गिगापास्कल, स्टीलचा २०० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच दाबाला हा धातू जवळजवळ तिप्पट दबतो. पातळ भिंतीच्या हाउसिंगमध्ये बोअर (आतलं नेमक्या मापाचं भोक) मशिनवर गोल लागतो आणि व्हाइस सोडल्यावर लंबगोल होतो, तो यामुळे. व्हाइसचं हँडल अंदाजाने न ओढता टॉर्क रेंच वापरा आणि रफिंग-फिनिशिंगचे टॉर्क वेगळे ठेवा. पाच अक्षांवर डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या) खाचेने पकडणारं फिक्स्चर फार सोयीचं पडतं : ठोकळ्याच्या तळाला तीनेक मिमी उंचीची डोव्हटेल आधी कापायची आणि तिच्यावरच जॉब उभा करायचा. चारही बाजू मोकळ्या राहतात, टूलहोल्डर जॉला धडकत नाही. ती डोव्हटेल शेवटच्या सेटिंगमध्ये फेस करून (सपाट कापून) काढतात. माल मागवताना ती उंची लांबीत धरायला मात्र विसरू नका.

कटिंग हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. १२ मिमीचा तीन फ्लूटचा (धारेमागच्या खाचांचा) कार्बाइड एंडमिल (कापणारं टूल) १२,००० आरपीएमला ४५२ मीटर प्रति मिनिट वेग देतो, दातामागे ०.१ मिमी धरलं तर फीड ३,६०० मिमी प्रति मिनिट. दोन किंवा तीनच फ्लूट, ४० ते ४५ अंशांचा हेलिक्स (खाचेचा पीळ), आणि फ्लूट आरशासारखा पॉलिश केलेला. कोटिंग नको, किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) वा झिर्कोनियम नायट्राइड. स्टीलसाठी आणलेला टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा काळपट एंडमिल इथे लावू नका. त्या कोटिंगला ॲल्युमिनियम चिकटतं, धारेवर थर चढतो, आधी फिनिश जातो आणि मग टूल. कूलंटमध्ये तेल ८ ते १० टक्के. रिफ्रॅक्टोमीटरवर (हे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) जो आकडा दिसतो त्याला त्या तेलाच्या फॅक्टरने गुणायचं असतं, हे बरेच जण करत नाहीत. पीएच फार चढला तर जॉबवर काळे डाग पडतात.

टूल किती बाहेर काढलंय ते मात्र मोजून पाहा. वाकण्याचं प्रमाण लांबीच्या घनाने वाढतं. ४० चे ५० मिमी केले की तेवढ्याच बलाला टूल जवळपास दुप्पट वाकतं. इथे तिरपा अक्ष कामी येतो : जॉब कलवला की खोल कोपऱ्यात आखूड टूल पोचतं. बॉलनोजलाही (गोल टोकाच्या टूललाही) हाच फायदा. १० मिमीचा बॉल सरळ उभा ठेवून ०.२ मिमी खोलीने चालवला तर प्रत्यक्षात कापणारा व्यास २.८ मिमीच असतो आणि अगदी टोकाला वेग शून्य. तिथे धातू कापला जात नाही, घासला जातो. टूल १५ अंश कलवलं की तो व्यास ५.२ मिमीपर्यंत जातो आणि टोक कटमधून बाहेर पडतं.

आता खरी मेख. फिरत्या अक्षांचा मध्य मशिनला नेमका कुठे वाटतो आणि तो खरा कुठे आहे, यातला फरक. टेबल फिरवल्यावर झिरो (मापं सुरू होतात तो बिंदू) कुठे गेला हे कंट्रोल (मशिनचा संगणक) या मध्यावरूनच काढतो. त्याच्या आज्ञा : फानुकवर जी ६८.२ आणि जी ५३.१, सीमेन्सवर सायकल ८००, हायडेनहाइनवर प्लेन स्पेशियल. पाचही अक्ष एकत्र चालवताना टूलचं टोक जागेवर ठेवण्यासाठी अनुक्रमे जी ४३.४, ट्राओरी आणि एम १२८. हे सगळे त्या एका नोंदीवर भिस्त ठेवून असतात. मध्य ०.०१ ने चुकला असेल तर सी अक्ष (टेबल गोल फिरवणारा) १८० अंश फिरवल्यावर ०.०२ ची चूक दिसते. कोनातली चूकही व्यासाबरोबर वाढते : कोनाच्या १० सेकंदांची चूक २०० मिमी त्रिज्येवर जवळजवळ १० मायक्रॉन होते.

तपासायची सोपी रीत अशी. स्क्रॅपचा ठोकळा लावा, ए अक्ष (टेबल कलवणारा) ९० अंशांवर ठेवून सी ० ला एका बाजूने अर्ध्या खोलीपर्यंत बोअर करा, सी १८० ला समोरून उरलेला. दोन्ही बोअरमध्ये पायरी लागली तर ती मध्याच्या चुकीच्या दुप्पट आहे. मग टेबलावर कॅलिब्रेशन बॉल ठेवून प्रोबने (स्पर्शाने मोजणाऱ्या उपकरणाने) मध्य पुन्हा शोधायचा. हे मशिन गार असताना करू नका. स्पिंडल आणि टेबल १५-२० मिनिटं फिरवून घ्या, कारण सकाळी आठला घेतलेला मध्य दुपारी तोच राहत नाही. टूल टेबलाला जवळजवळ लंब असताना सी अक्ष एकाएकी गर्रकन फिरतो आणि पृष्ठभागावर ओरखडा उमटतो, तोही प्रोग्रामरच्या डोक्याला ताप. जॉब काही अंश मुद्दाम तिरपा बसवला की तो प्रसंग टळतो.

तापमान जॉबचंही बघा. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ॲल्युमिनियमचा मीटरभर तुकडा प्रत्येक अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतो, स्टील साधारण त्याच्या निम्मं. ५०० मिमीचा जॉब मशिनवरून काढताना ३० अंशांवर असेल तर तो ०.११ मिमीने लांब भरेल. मशिनवर ‘ओके’ आणि सीएमएमवर (मापन कक्षातल्या मोजणी यंत्रावर) ‘रिजेक्ट’, या भांडणांचं मूळ पुष्कळदा इतकंच असतं. जॉब काही तास मापन कक्षात ठेवा, मग बोला.

ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवणं) असेल तर मापं त्याआधीच वजा करून ठेवावी लागतात. ५० मायक्रॉनच्या हार्ड ॲनोडायझिंगचा साधारण अर्धा थर धातूच्या आत जातो, अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे बोअरच्या व्यासात ५० मायक्रॉन कमी होतात. आट्यांचं गणित अधिक वाईट : ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास (आट्याच्या मध्यावरचा व्यास) बाहेरच्या वाढीच्या चौपट बदलतो, २५ मायक्रॉनला थेट ०.१ मिमी. एम ६ चा गो गेज (जो आत जायलाच हवा तो तपासणी गेज) मग आत जातच नाही. एकतर मोठ्या मापाचा टॅप (आटे पाडणारं टूल) वापरा, नाहीतर आट्यांत रबरी प्लग लावून माल पाठवा आणि ड्रॉइंगवर तसं लिहून घ्या. फॉर्म टॅप (धातू न कापता दाबून आटे पाडणारा) वापरणार असाल तर एम ६ साठी भोक ५.० चं नाही, ५.५५ च्या आसपास. जुन्या सवयीने ५ चं ड्रिल लावलं तर टॅप भोकातच तुटतो, तोही बहुतेक शेवटच्या ऑपरेशनला.