तुम्ही विचारलंत म्हणून: हंसाबाई खरंच तशा होत्या का?

मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि जिथे बोलावतील तिथे जाऊन जुन्या मराठी सिनेमातल्या नटी हंसा वाडकरांवर बोलते. नागपुरात धरमपेठेतली भिशी असो, महाल भागातलं महिला मंडळ असो. बोलणं संपून चहा सुरू झाला की कुणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, त्या खरंच तशा होत्या का?" पाठोपाठ दुसरा प्रश्न: "मराठीत एवढ्या मोठमोठ्या बायका झाल्या, तुम्ही हिचंच काहून सांगून राहिल्या?"

तर दारू प्यायच्या का? हो. नवऱ्याचं घर सोडून गेल्या होत्या का? हो. लग्नाबाहेर पुरुष आले का आयुष्यात? आले. यातलं काहीही कुणी पाळत ठेवून शोधून काढलेलं नाही. हंसाबाईंनी ते स्वतः सांगितलं, हयात असताना, स्वतःच्या नावानिशी. आधी श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस' साप्ताहिकातून आणि मग १९७० साली राजहंस प्रकाशनाच्या पुस्तकातून. पुस्तकाला नाव दिलं त्यांच्याच गाजलेल्या सिनेमाचं, 'सांगत्ये ऐका'. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. एवढं सगळं उघड सांगून गेलेल्या बाईबद्दल आजही आवाज खाली आणून विचारतात, याचा मला राग येतो आणि वाईटही वाटतं.

सीताबर्डीच्या एका वाचनालयात या पुस्तकाची जुनी प्रत मी पहिल्यांदा हातात घेतली. काही पानं बोटांच्या डागांनी काळवंडलेली, कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या रेघा. कुठली पानं ते सांगायला नको. लहानपणची गरिबी, स्टुडिओतलं काम, घर चालवायची ओढाताण, ही पानं मात्र करकरीत. मला जे सांगायचंय ते या करकरीत पानांमध्ये आहे.

मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३चा. घराण्यात कलावंतिणींचा वारसा, वडिलांना दारूचं व्यसन, घरात पैशांची चणचण. म्हणून शाळेच्या वयात पोरीला सिनेमात घातलं. 'विजयाची लग्ने' आला १९३६ साली, म्हणजे तेरा वर्षांची मुलगी कमवायला लागली होती. पडद्यावर साळगावकर लावायचं नाही, घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, म्हणून वाडकर. तिचे पैसे घराला हवे होते, तिचं नाव घराण्याला नको होतं. लग्न झालं की हे सगळं सुटेल, चारचौघींसारखा संसार करता येईल, ही तिची आशा होती. लग्न लवकर झालंही. पण नवऱ्याला बायको कामावरच हवी होती. कंपन्यांशी बोलणी त्याची, व्यवहार त्याच्या हातात, आणि वर तिच्यावर संशयही त्याचाच.

'बंडखोर', 'बेछूट', 'वादग्रस्त' वगैरे जे आपण म्हणतो ते याच्या नंतरचं आहे. एका भांडणानंतर त्या घराबाहेर पडल्या त्या थेट मराठवाड्यात, एका माणसाच्या घरी तिसरी बायको म्हणून. तिथे उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. सुटायचं तर निरोप धाडायचा कुणाला? नवऱ्यालाच. ही पानं वाचताना मला घुसमटायला होतं. बाईची हौस म्हणून हे वाचणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही.

मागे एप्रिलमध्ये वर्गात हा भाग वाचून दाखवला. खिडकीत कूलर घरघरत होता, मुलं पेंगत होती. काटोलहून रोज एसटीने येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "पण मॅडम, बाईंचे पैसे कोणापाशी जायचे?" पेंग उडाली सगळ्यांची. तिची आई संत्र्याच्या बागेत कामाला जाते आणि मजुरी बाप मोजून घेतो, हे तिने मला नंतर व्हरांड्यात सांगितलं. हंसाबाईंवर इतक्या जणांशी बोलले, पण इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

आता काम. १९४१ साली 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'संत सखू'त त्या सखू झाल्या. सहा वर्षांनी राजकमल या चित्रसंस्थेच्या 'लोकशाहीर रामजोशी'त बया नावाची तमाशातली कलावंतीण, समोर जयराम शिलेदार. लोकांनी सखूला हात जोडले आणि बयावर जीवही टाकला. रामजोशीनंतर मराठीत तमाशापटांची जी रांग लागली तिच्या तोंडाशी या बाई उभ्या आहेत. १९५०च्या 'पुढचं पाऊल'मध्ये नायक पु. ल. देशपांडे. १९५९चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून जास्त चालला. त्यातल्या 'बुगडी माझी सांडली गं'वर आमच्या गॅदरिंगला दरवर्षी कुणी ना कुणी नाचतंच. गाणं जयश्री गडकरांवर आहे. त्याच सिनेमात हंसा वाडकर आहेत हे नाचणाऱ्या पोरींना माहीत नसतं. सांगितलं की मोबाईलवर शोधतात, आणि पहिलं काय सापडतं? परत तेच, दारू आणि पुरुष.

काही जाणकार वेगळी शंका काढतात. शब्दांकन पुरुषाचं, मग आवाज बाईंचा कसा? शब्दांकन अरुण साधूंचं. आपल्या वऱ्हाडातले, परतवाड्याचे. २००७ साली नागपुरात ८०वं साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष तेच. त्यांची 'सिंहासन' कादंबरी सगळ्यांना आठवते, हे काम फार थोड्यांना. तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे पत्रकार. मला वाटतं त्यांनी स्वतःला आवरलं, हेच त्यांचं मोठेपण. पुस्तक समोर बसून बोलल्यासारखं आहे. जिथे दुसऱ्याने दहा पानं रडवलं असतं, तिथे हंसाबाई दोन वाक्यांत सांगून पुढे जातात, आणि स्वतःच्या चुकाही त्याच सुरात सांगतात. हा सूर कुणाला बाहेरून घालता येईल असं मला वाटत नाही.

याच पुस्तकाच्या आधाराने श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. मोठा सिनेमा आहे. तरी 'भूमिका पाहिलाय, आता पुस्तक कशाला' असं कुणी म्हटलं की मी अडून बसते. सिनेमातली नायिका उषा बराच वेळ गप्प असते, तिच्या चेहऱ्याकडे पाहून आपण अर्थ लावायचा. हंसाबाई गप्प नाहीत. आपल्या आयुष्याचा अर्थ दुसऱ्याने लावण्याआधी त्यांनी तो स्वतः मांडला, आणि १९७० साली, मराठीत, एका नटीने हे करणं केवढं जोखमीचं होतं ते जरा मनात आणून बघा.

परवा एका आईने विचारलं, हे पुस्तक मुलीला वाचायला द्यावं का? द्या. अकरावी-बारावीत द्या, आधी स्वतः वाचून द्या. आणि वाचून झालं की दोघी मिळून 'लोकशाहीर रामजोशी' बघा. नुसतं पुस्तक वाचलं तर हंसाबाई नटी म्हणून किती ताकदीच्या होत्या, ते राहूनच जातं.