पंचनाम्यात आलेला नाला

२०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी दुथडी भरून वाहत होती आणि विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडलेले होते. त्या दिवसांत महसूल कर्मचारी म्हणून नांदेडच्या एका सखल वस्तीत मी पंचनामे करीत होतो. नदी फुगली की शहरातून उतरणाऱ्या नाल्यांना तिच्यात जागा मिळत नाही. फुगवट्याने त्यांचे पाणी मागे सरते आणि सर्वांत आधी काठच्या पत्र्याच्या घरांत शिरते.

धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या एका मावशींकडे गेलो, तेव्हा त्या घमेल्याने गाळ उपसत होत्या. तीन दिवस साचलेल्या पाण्याची ओल भिंतीवर छातीपर्यंत चढली होती, वर्षाच्या गव्हाला कोंब फुटले होते आणि मागची मातीची भिंत कोसळली होती. कारणाच्या रकान्यात मी ‘गोदावरीचा पूर’ असे लिहू लागताच त्या म्हणाल्या, “साहेब, नदी मागून आली. पहिलं पाणी वरल्या नाल्याचं आलं, रातच्याला.”

पंच म्हणून आलेल्या शेजारच्या आजोबांना घेऊन मी नाल्याच्या कडेने वर गेलो. तिथे नव्या प्लॉटिंगने नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या आहेत. आजोबांच्या आठवणीत ते गायरान होते आणि पावसाचे पाणी तिथे पसरून मुरत असे. आता तेच पाणी एकदम खाली धावते, रस्त्याखालच्या अरुंद मोरीत तुंबते आणि मोरीच्या वरच्या अंगाला नेमकी ही वस्ती आहे.

केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये होते. कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड झाल्यास ४,००० रुपये मिळत, मात्र बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागे. ज्या प्लॉटिंगने नाल्याचा पसारा गिळला ते कागदोपत्री अधिकृत आणि जिच्या घरात ते पाणी आले ती बाई अनधिकृत, हा न्याय मला मान्य होण्यासारखा नाही.

कारणाच्या रकान्यात मी आधी नाला आणि मग नदी लिहिली, मोरीची व भिंतींमधली रुंदी मोजून जोडली आणि पंचांच्या सह्या घेतल्या. यादीत मावशींचे नाव कपड्या-भांड्यांपुरते आले. भिंतीच्या मदतीचा प्रस्ताव दाखल्याअभावी परत आला; नाल्याच्या मोजमापासह तो मी पुन्हा वर पाठवला आहे.